शेअर आगिदे, खरं काकांना दिसूलंय कुठं?

डेटा शेअर करणाऱ्या पुण्याच्या टीमला, तो घेणाऱ्या आमच्या बेंगळूर हेड ऑफिसातल्या अॅडमिन मंडळींना, आणि दोन्हीकडं हेच काम करणाऱ्या सगळ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत प्लॅनिंग बघतो. प्लॅनिंग हे नावाला, प्रिंटर अडकला तरी मलाच हाक मारतात. आमच्याकडं कास्टिंग ओततात, मशिनिंग होतं आणि रात्री गाडी भरून पी.बी. रोडनं पुण्याला जाते. तुमची नावं इथं लिहीत नाही, कारण भांडण काढायचं नाही, आणि सोमवारी परत तुमच्याच माणसाला फोन लावायचाय.

म्हणणं एवढंच आहे की तुम्ही "शेअर केलं" म्हणता तेव्हा तुमचं काम संपलेलं असतं आणि आमचं सुरूसुद्धा झालेलं नसतं, मधला जो तुकडा आहे तो कुणाच्याच नावावर नाही, बांधावरच्या झाडासारखा, आणि त्या तुकड्यात आमचे अकरा दिवस गेले.

आधी पुण्याच्या गिऱ्हाइकाचं शेड्युल, म्हणजे कुठला पार्ट किती आणि कधी पाहिजे ते, एक्सेलमध्ये मेलवर यायचं. चालू महिन्याचं पक्कं, पुढच्या दोन महिन्यांचं अंदाजे. स्टोअरचे काका, रोज येळ्ळूरहून सायकलवरून येतात, ते त्याची प्रिंट काढून पॅडला लावायचे आणि पेन्सिलीनं टिक मारायचे. त्यात भानगडी होत्याच, 'फायनल', 'फायनल २', 'फायनल नवीन' अशा तीन फाइली एकाच दिवशी यायच्या आणि एकदा तर जुन्या फाइलवरून अख्खी रात्रपाळी नको तो पार्ट मशिन करून बसली. म्हणून पुण्याहून मेल आला की एक तारखेपासून एक्सेल बंद, सगळं स्नोफ्लेकवर, म्हणजे इंटरनेटवर डेटा ठेवून बघायच्या सेवेवर, शेअर होणार, डेटा लाइव्ह दिसणार, फाइल पाठवायची भानगडच नाही, तेव्हा खरं सांगतो मला बरं वाटलं. कल्पना चांगलीच आहे. डेटा तुमच्याच अकाउंटात राहतो, आमच्याकडं कॉपी होत नाही, ठेवायचा खर्च तुमचा, आम्ही क्वेरी, म्हणजे डेटाला विचारायचा प्रश्न, चालवू तेवढ्याच कॉम्प्युटचा खर्च आमचा. याच्यापेक्षा सरळ व्यवहार काय असणार.

एक तारीख आली. सकाळी आठ वाजता काका लॉगिन करून बसलेत, मी मागं उभा. पुण्यानं दिलेली क्वेरी पेस्ट केली, रन केलं, लाल अक्षरात उत्तर आलं: डेटाबेस डझ नॉट एक्झिस्ट ऑर नॉट ऑथोराइज्ड. काकांनी विचारलं, "म्हंजे न्हाई म्हणूलंय का देत न्हाई म्हणूलंय?"

मला उत्तर देता येईना, कारण ते दोन्ही म्हणूलंय. नंतर कळलं की हे मुद्दाम तसंच ठेवलंय, ज्याला परवानगी नाही त्याला वस्तू आहे की नाही हेसुद्धा कळू नये म्हणून. वाड्याच्या दारातल्या म्हाताऱ्यानं "मालक घरात न्हाईत, असले तरी भेटणार न्हाईत" म्हणावं तसं. सुरक्षेच्या बाजूनं बरोबर आहे, माझी तक्रार नाही. पण मग ज्याच्याकडं चावी आहे त्यानं तरी आत जाऊन बघायला पाहिजे की नको? मी बेंगळूरला फोन लावला. तिकडनं उत्तर, "शेअर आगिदे री, नोड्री." शेअर झालंय, बघा. पुण्याला लावला तर, "सर, आमच्या साइडनं डन आहे." दोघंही खरं बोलत होते, हीच तर अडचण.

जे झालेलं नव्हतं ते सांगतो. पुण्यानं शेअर बनवलं, त्यात आमचं अकाउंट जोडलं, ठीक. पण शेअर आमच्या अकाउंटपर्यंत येणं म्हणजे पोस्टमननं पार्सल वॉचमनकडं ठेवून जाणं. ते फोडून त्यातून डेटाबेस बनवावा लागतो, क्रिएट डेटाबेस फ्रॉम शेअर, आणि ते अकाउंट अॅडमिन करतो किंवा ज्या रोलला, म्हणजे माणसाला लावायच्या परवानग्यांच्या गठ्ठ्याला, डेटाबेस बनवायचा आणि शेअर इम्पोर्ट करायचा अधिकार दिलाय तो करतो. मी ना हा ना तो, काका तर नाहीतच. शो शेअर्स ही कमांड चालवली तर यादीत शेअर दिसतं खरं, पण डेटाबेसच्या नावाचा रकाना रिकामा असतो. तो रिकामा रकाना बघून कुणालातरी वाटायला हवं होतं की पार्सल अजून गेटवरच आहे. यादीत नाव दिसलं आणि तिकीट क्लोज केलं. चार दिवस.

बरं, डेटाबेस बनला. आता काकांच्या रोलला परवानगी द्यायची. हेड ऑफिसची एक नेहमीची स्क्रिप्ट आहे, डेटाबेसवर यूसेज, त्याच्या आतल्या स्कीमावर यूसेज, टेबलांवर सिलेक्ट, अशी एकेक सुटी परवानगी देणारी. आपल्या घरच्या डेटाबेसला ती बरोबर चालते. शेअरमधून आलेल्या डेटाबेसला ती चालत नाही, तिथं एकच ग्रँट, म्हणजे परवानगी, असतं, इम्पोर्टेड प्रिव्हिलेजेस, आणि ते डेटाबेसवर रोलला द्यायचं असतं. मजा म्हणजे जुन्या पद्धतीनं द्यायला गेलं तर एररमध्येच लिहून येतं की इम्पोर्टेड डेटाबेसवर सुटी परवानगी देता येत नाही, इम्पोर्टेड प्रिव्हिलेजेस वापरा. एवढी शहाणी एरर मी दुसरी बघितली नाही. पण स्क्रिप्ट रात्री आपोआप चालते, लॉग कुणी वाचत नाही, आणि सकाळी मला मेल, "ॲक्सेस ग्रँटेड." अजून दोन दिवस.

इथं पुण्याच्या मंडळींना एक सांगणं. इम्पोर्टेड प्रिव्हिलेजेस दिलं की शेअरमधलं सगळंच दिसतं, निवडून देता येत नाही. तुमच्या शेअरमध्ये शेड्युलबरोबर रेटचं टेबलसुद्धा होतं. आता रेट स्टोअरला कशाला? म्हणून आमच्या अॅडमिननं हात आखडला, आणि मी त्याला दोष देत नाही. तुमच्या बाजूनं डेटाबेस रोल, म्हणजे ठरावीक टेबलांपुरतेच रोल, बनवून शेअरमध्ये घातले असते, एक शेड्युलसाठी, एक रेटसाठी, तर आमच्याकडं ज्याला जो पाहिजे तो लावता आला असता. शेवटी आम्हीच आमच्या डेटाबेसमध्ये शेड्युलवर एक व्ह्यू, म्हणजे हवं तेवढंच दाखवणारी खिडकी, बनवला आणि काकांच्या रोलला तेवढाच दिला. चाललं. पण तुमच्या प्रत्येक व्हेंडरनं हा जुगाड वेगवेगळा शोधून काढायचा का?

मग आलं वेअरहाउस. ह्या शब्दाला काहीतरी करा मंडळी, पाया पडतो. स्क्रीनवर आलं, सेशनमध्ये वेअरहाउस निवडलेलं नाही, वेअरहाउस निवडा. काका माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. "अरे आमचं गोडाऊन एकच, गेटजवळचं. हितं कुठलं निवडू?" मी समजावलं की काका हे गोडाऊन नव्हे, ही क्वेरी चालवायची मोटार आहे, डेटा विहिरीत, मोटार चालू केल्याशिवाय पाणी वर येत नाही. हे त्यांना एका वाक्यात पटलं, कारण वीज बिलाचा प्रश्न लगेच आला, "मग बंद कोण करणार?" आपोआप बंद होते म्हटलं, सगळ्यात लहान मोटार तासाला एक क्रेडिट, म्हणजे त्यांच्या बिलाचं एक युनिट, खाते, चालू झाली की कमीत कमी एक मिनिटाचं बिल, पुढं सेकंदावर. काका म्हणाले, शेतावरच्यापेक्षा बरी. तर त्या मोटारीचीसुद्धा परवानगी रोलला वेगळी द्यावी लागते, डेटाची परवानगी असून मोटारीची नसेल तर नुसतं विहिरीत वाकून बघत बसायचं. ती दिलेली नव्हती. आणि दिल्यावरसुद्धा काका लॉगिन केले की सगळ्यांना मिळतो त्या पब्लिक रोलवरच उभे, कारण यूजरला डिफॉल्ट रोल आणि डिफॉल्ट वेअरहाउस लावलेलं नव्हतं. कोपऱ्यात जाऊन रोल बदला, मग वेअरहाउस बदला, मग रन करा. ज्या माणसाला सकाळी साडेआठला ट्रॉल्या लावायला जायचं असतं त्याला हे रोज करायला लावणं म्हणजे काय म्हणावं.

काकांची एक भीती मात्र मला आधी लक्षातच आली नव्हती. ते माउस धरायला तयार नव्हते. दोन दिवसांनी बोलले, "चुकून कायतरी डिलीट झालं म्हंजे पुण्याचं शेड्युल जाईल की रे." शेअरमधला डेटा फक्त वाचता येतो, आपल्याकडनं त्यात एक अक्षर बदलता येत नाही, पुसता येत नाही. हे एक वाक्य तुमच्या बावीस पानी पीडीएफमध्ये पहिल्या पानावर असतं तर बरं झालं असतं. असेलही कुठंतरी, इंग्रजीत. इथं शॉपफ्लोअरवर निम्मे लोक मराठी, निम्मे कन्नड, आणि बहुतेकांना दोन्ही येतात, त्यांना इंग्रजी पीडीएफ पाठवून "कळवलं होतं" म्हणायचं हे बरोबर नाही. अर्ध्या पानाचा कागद करा, दोन भाषांत. मराठीचा मी करून देतो, फुकट.

तर अकराव्या दिवशी दिसायला लागलं. पेढे वाटायच्या बेतात होतो. पण आकडे बघितले तर आमचे निम्मे पार्ट गायब. ह्यावेळी एरर नाही, लाल अक्षर नाही, क्वेरी छान चालूलीय, नुसत्या ओळी कमी. एररपेक्षा हे वाईट, कारण एररवर कुणी विश्वास तरी ठेवत नाही.

दोन दिवस शोधून कारण सापडलं ते ऐका. पुण्यानं सिक्युअर व्ह्यू बनवलाय, कुठलं अकाउंट बघतंय ते तपासून त्या व्हेंडरच्याच ओळी दाखवतो, चांगलीच सोय आहे. पण ओळी गाळायला गावाचं नाव वापरलंय. आमचे जुने पार्ट त्यांच्या मास्टरमध्ये, म्हणजे पार्टच्या मूळ यादीत, 'बेलगाम' ह्या इंग्रजी स्पेलिंगनं, आणि १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटकानं बारा शहरांची नावं बदलली तेव्हापासूनचे पार्ट 'बेळगावी'नं. व्ह्यूमध्ये नवीनच नाव. म्हणजे २०१४ च्या आधी सुरू झालेला प्रत्येक पार्ट आम्हाला दिसेना. गावाच्या नावाचं काय ते आम्ही इथं चहाच्या टपरीवर रोज बोलतो, ते ह्या पत्रात काढत नाही, पण आमच्या गावाला तीन-तीन स्पेलिंगं आहेत हे आम्हाला लहानपणापासून माहीत आहे, मनीऑर्डर परत जायच्या त्याच्यामुळं. व्हेंडर कोड आहे की, प्लांट कोड आहे की, त्याच्यावर गाळा. आणि बेंगळूरवाल्यांनो, हसू नका, तुमच्याही गावाचं नाव त्याच दिवशी बदललंय.

आता माझी चूक सांगतो, नाहीतर पत्र एकतर्फी होईल. काका रोज सकाळी म्हणायचे, "हे कालचंच हाय गा." आजचं शेड्युल मागितलं की कालची तारीख. मी पुण्याला कडक मेल टाकला, तुमचा डेटा लाइव्ह नाही, फसवणूक आहे वगैरे, मॅनेजरना सीसी करून. दुपारी डबा खाऊन आलो तर आजचं दिसतंय. परत सकाळी कालचं, दुपारी आजचं. असं सलग तीन दिवस. मला वाटलं ते बाराला रिफ्रेश करतात. तर झालंय असं की स्नोफ्लेकच्या अकाउंटचा टाइमझोन कुणी बदलला नाही तर तो मुळात लॉस एंजेलिसचा असतो. आमचा कुणी बदललाच नव्हता. आपण सकाळी आठला 'आजची तारीख' म्हणतो तेव्हा तिथं आदल्या दिवशीची संध्याकाळ असते, तिथं रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडं उन्हाळ्यात दुपारचे साडेबारा आणि थंडीत दीड. म्हणजे पुण्याचा डेटा बरोबर, व्ह्यू बरोबर, घड्याळ आमचं अमेरिकेत. एका ओळीत टाइमझोन एशिया-कोलकाता केला, संपलं. पुण्याच्या ज्या ताईंना तो मेल गेला त्यांना इथं सगळ्यांसमोर सॉरी म्हणतो. खरं तुम्हीसुद्धा शेअर देताना "तुमच्या अकाउंटचा टाइमझोन बघून घ्या" एवढं लिहिलं असतं तर मी तोंडघशी पडलो नसतो.

शेजारच्या युनिटातल्या दोस्ताचं तर वेगळंच. स्नोफ्लेक दुसऱ्यांच्या क्लाउडवर चालतं, त्याचं अकाउंट एडब्ल्यूएस ह्या क्लाउडच्या मुंबईत, त्याच्या गिऱ्हाइकाचं अझ्युर ह्या दुसऱ्या क्लाउडच्या पुण्यात. माणूस मुंबईहून पुण्याला दुपारच्या जेवणाला जाऊन येतो, पण सरळ शेअर तिकडून इकडं जात नाही, एकाच क्लाउडच्या एकाच रिजनमध्ये, म्हणजे डेटा ठेवायच्या ठिकाणी, असलं तरच जातं. नाहीतर देणाऱ्यानं डेटा त्या रिजनमध्ये रेप्लिकेट, म्हणजे कॉपी, करायचा किंवा लिस्टिंग ह्या दुसऱ्या पद्धतीनं शेअर करून आपोआप पोचवायची सोय लावायची, त्याचा खर्च देणाऱ्याला. आमचं नशीब दोघंही मुंबईत. हे पहिल्याच फोनवर विचारायचं असतं, तुम्ही कुठल्या रिजनला? त्याला महिना लागला हे कळायला.

मागच्या आठवड्यातली गोष्ट सांगून मग थांबतो, कारण ही परत होणार हे मला दिसतंय. सगळं सुरळीत चाललेलं असताना मंगळवारी सकाळी परत तेच लाल अक्षर, नाही किंवा देत नाही. आमच्याकडं कुणी काही हलवलेलं नाही. पुण्याला एका नवीन पोरानं रात्री शेड्युलचं टेबल क्रिएट ऑर रिप्लेस करून, म्हणजे जुनं काढून त्याच नावानं, परत बनवलं, दोन नवीन कॉलम घालायचे होते म्हणून. टेबल नवीन झालं की जुन्या टेबलावरचे ग्रँट जातात, शेअरला दिलेलंसुद्धा. नाव तेच, जुने कॉलमही तसेच, तुमच्या बाजूनं बघितलं तर टेबल मस्त दिसतंय, आमच्या बाजूनं गायब. 'पुढं येणाऱ्या सगळ्या टेबलांना परवानगी' हे फ्युचर ग्रँट आपल्या रोलला चालतं, शेअरला चालत नाही. त्या कमांडमध्ये कॉपी ग्रँट्स हे दोन शब्द घातले असते तर शेअरसकट सगळं टिकलं असतं. पोराला रागावू नका, त्याला हे कुणी सांगितलंच नसणार. पण त्या दिवशी आमच्या काकांनी कपाटातनं जुनं पॅड काढलं, मागच्या महिन्याची प्रिंट लावली आणि पेन्सिलीनं टिक मारत बसले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. अकरा दिवस आणि वर दोन दिवस मी त्यांना पटवत होतो की कागद नको म्हणून.

आणखी एक, हे आमच्याच हेड ऑफिसला. तीन पाळ्यांना मिळून एकच लॉगिन दिलंय, "लायसन वाचतं" म्हणून. स्नोफ्लेक डोकी मोजून पैसे घेत नाही हो, मोटार चालते त्याचे आणि डेटा साठतो त्याचे घेतं. प्रत्येकाला आपलं लॉगिन द्या. आत्ता मोबाइलवरची दुसरी खूण लागते, ती पहिल्या पाळीच्या सुपरवायझरच्या फोनवर येते, आणि तो माणूस दुपारी घरी जाऊन खानापूरला शेतात असतो, रेंज नसते. दुसरी पाळी काय करणार?

मला तुमच्याकडनं मोठं काही नको. नवीन टूल नको, ट्रेनिंगचा व्हिडिओ तर नकोच नको. तिकीट क्लोज करायच्या आधी काकांच्या रोलवर जाऊन ती एक क्वेरी चालवून बघा. तुमच्या अकाउंट अॅडमिनच्या रोलनं बघू नका, तुम्हाला सगळंच दिसतं, तुमच्या दिसण्याला काही किंमत नाही. यूज रोल, यूज वेअरहाउस, सिलेक्ट, दोन मिनिटांचं काम. ओळी आल्या तर किती आल्या ते आम्हाला विचारा, आम्ही जुन्या कागदावरून सांगतो बरोबर आहे की नाही. आणि पुणे-बेंगळूर दोन्हीकडं एकेक माणूस ठरवा, ज्याला आम्ही फोन केला तर तो "माझ्या साइडनं डन" म्हणून फोन ठेवणार नाही, आमच्या साइडला येऊन बघेल.

पुढच्या महिन्यात क्वालिटी रिजेक्शनचं नवीन शेअर येणार असं कानावर आलंय. त्यात कुठली टेबलं, कुठला डेटाबेस रोल, कुणासाठी, हे आत्ताच कळवा. क्वालिटीच्या मॅडमचं लॉगिन आधी करून ठेवा, डिफॉल्ट रोल लावून, आणि गावाच्या नावावर काही गाळलं असेल तर ते आधी काढा. चाचणीला कुठला दिवस तो तुम्ही ठरवा, मराठी, कन्नड, हिंदी, कशातही बोला. काका आठ ते साडेआठ स्टोअरमध्ये असतात, त्यानंतर ट्रॉल्या लावायला जातात, तेव्हा फोन त्याच्या आत करा.

आपला,
उद्यमबागेतला एक प्लॅनिंगवाला